राज्याच्या कायद्याचा वकील

राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या कायद्याला कोणी न्यायालयात आव्हान दिले, की त्या कायद्याच्या बाजूने उभे राहण्याचे काम सरकारी वकिलाकडे येते. सरकारी वकील म्हटले की खुनाच्या किंवा दरोड्याच्या खटल्यात आरोपीला शिक्षा मागणारा वकील लोकांच्या डोळ्यांसमोर येतो, कारण वर्तमानपत्रांत त्याचेच नाव छापून येते. पण सरकारच्या वतीने न्यायालयात चालणाऱ्या कामाचा मोठा भाग दिवाणी आणि घटनात्मक स्वरूपाचा असतो. कायद्याच्या वैधतेच्या लढाईत आरोपी नसतो, पंचनामा नसतो, साक्षीदारांची उलटतपासणीही बहुधा नसते. लोकप्रतिनिधींनी केलेला नियम राज्यघटनेच्या चौकटीत बसतो की नाही, एवढाच प्रश्न असतो. सोलापूर जिल्ह्याचा या कामाशी जुना आणि जवळचा संबंध आहे. प्रजासत्ताक भारतात कायद्याच्या वैधतेवरून सर्वोच्च न्यायालयात सुरुवातीला जे मोठे लढे झाले, त्यांतला एक सोलापुरातल्या गिरणीवरून झाला. पंढरपूरच्या मंदिरांच्या कायद्यावरून सत्तरच्या दशकात उठलेला वाद तर आजही नव्या रूपात न्यायालयापुढे आहे.

सरकारच्या वकिलीचा रोजचा व्यवहार जिल्हा न्यायालयात चालतो. सोलापूरच्या जिल्हा व सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहकारी शासनाची बाजू पाहतात. तालुक्याच्या दंडाधिकारी न्यायालयांत अभियोग संचालनालयाचे पगारी सहायक सरकारी अभियोक्ते असतात, त्यांची भरती आणि वरिष्ठ वेगळे. दिवाणी बाजूला सरकारी वकिलाला वकीलवर्गात ‘जीपी’ म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७९ प्रमाणे राज्य सरकारविरुद्धचा दावा राज्याच्याच नावाने लावावा लागतो, आणि कलम ८० प्रमाणे दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. या दोन महिन्यांत सरकारने प्रकरण तपासावे, चूक झाली असेल तर ती सुधारावी आणि दावा टाळावा, हा नोटिशीमागचा हेतू. पण बहुतेक नोटिशींना सरकारी खाती उत्तरच देत नाहीत, अशी नाराजी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम वकील संघाच्या प्रकरणात नोंदवली होती. उत्तर न गेलेली नोटीस पुढे दावा होऊन येते आणि जीपींच्या टेबलावरचा ढीग वाढतो.

सोलापूर जिल्ह्यात या ढिगाचा मोठा भाग जमिनीचा. भीमेवरचे उजनी धरण, त्याचे कालवे, पुढे रस्ते आणि महामार्ग यांसाठी जमिनी गेल्या. ठरवलेला मोबदला अपुरा वाटला, की शेतकरी १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जात असे. २०१३ च्या नव्या कायद्यात तोच हक्क कलम ६४ मध्ये आहे. जुन्या कायद्यात वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज होते. म्हणजे सरकारी वकिलाने मागितलेली प्रत्येक नवी तारीख सरकारी तिजोरीवर व्याज चढवीत होती आणि शेतकऱ्याच्या हातातला पैसा लांबवीत होती. सरकारच्या बाजूचा वकील किती जिंकला, यापेक्षा कुठले प्रकरण लढवू नये हे त्याने सरकारला किती वेळा स्पष्ट सांगितले, यावर त्याचे काम तोलायला हवे. दिवाणी संहितेतही सरकार पक्षकार असलेल्या दाव्यात तडजोडीची शक्यता पाहण्याचे कर्तव्य न्यायालयावर स्वतंत्रपणे टाकलेले आहे.

अशा एखाद्या दाव्यातच कधी कायद्याच्या वैधतेचा मुद्दा निघतो. वादी म्हणतो, ज्या कायद्याखाली माझ्यावर कारवाई झाली तो कायदाच घटनाबाह्य आहे. येथे जिल्हा न्यायाधीशांचे हात बांधलेले असतात. संहितेच्या कलम ११३ ला १९५१ मध्ये जोडलेल्या परंतुकाप्रमाणे, एखादा कायदा अवैध आहे असे कनिष्ठ न्यायालयाला वाटले आणि त्याशिवाय दावा निकाली निघत नसेल, तर त्याने आपले मत कारणांसह लिहून प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवायचा असतो. कायदा रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही. शिवाय राज्यघटनेचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न आला, तर राज्याच्या कायद्याबाबत महाधिवक्त्यांना नोटीस दिल्याशिवाय न्यायालयाने तो ठरवायचा नाही, असे आदेश २७-अ सांगतो. दोन शेजाऱ्यांच्या किंवा घरमालक-भाडेकरूच्या भांडणात ज्या विधिमंडळाला कोणी पक्षकारच केलेले नाही, त्याचा कायदा त्याचे म्हणणे न ऐकता पडू नये, म्हणून ही तरतूद. बहुतेक लोक मात्र हा लांबचा रस्ता घेत नाहीत. ते घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करतात.

उच्च न्यायालयात राज्याच्या वकिलांची फळी असते. सर्वांत वर महाधिवक्ता. हे पद घटनेच्या अनुच्छेद १६५ ने निर्माण केले आहे. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेल्या व्यक्तीची राज्यपाल नेमणूक करतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत ती पदावर राहते. अनुच्छेद १७७ प्रमाणे महाधिवक्त्याला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बोलता येते, मत मात्र देता येत नाही. त्यांच्या खाली सरकारी वकील, अतिरिक्त आणि सहायक सरकारी वकील, आणि पॅनेलवरचे वकील. या सगळ्यांना सूचना देणारे खाते म्हणजे मंत्रालयातला विधी व न्याय विभाग.

याचिकेची प्रत मिळाल्यावर ती संबंधित खात्याकडे जाते आणि खात्याने तिच्या प्रत्येक परिच्छेदावर आपले म्हणणे लिहून पाठवायचे असते. याला कचेरीत ‘पॅरावाइज रिमार्क्स’ म्हणतात. या रिमार्क्सवरून वकील प्रतिज्ञापत्राचा मसुदा करतो, खात्याचा अधिकारी त्यावर शपथपूर्वक सही करतो. ऐकायला साधे असलेले हे काम फार वेळ खाते. सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला जुना अहवाल, तहसीलमधली नोंद, विधेयकासोबतचे उद्देश व कारणांचे निवेदन, सभागृहातल्या चर्चेचे वृत्त, एखाद्या समितीचे निष्कर्ष असे सगळे गोळा झाल्याशिवाय प्रतिज्ञापत्राला वजन येत नाही. युक्तिवाद कितीही प्रभावी असला, तरी न्यायाधीश शेवटी विचारतात, हे कागदावर कुठे आहे? महाराष्ट्राचे जे कायदे न्यायालयात टिकले आणि जे पडले, त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांत निकाल या प्रश्नाच्या उत्तरावर फिरला आहे.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची जुनी मिल, एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात उभी राहिली. गावाचे गिरणगाव झाले ते तिच्यापासून. १९४९ मध्ये व्यवस्थापनाने ती बंद करण्याची नोटीस लावली आणि २७ ऑगस्टला मिल बंद पडली. हजारो कामगारांच्या चुली त्या मिलवर चालत होत्या आणि देशात कापडाचीही टंचाई होती. केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० ला वटहुकूम काढला, पुढे त्याचे कायद्यात रूपांतर झाले. एकाच कंपनीसाठी केलेला हा कायदा होता. जुने संचालक गेले, सरकारने नेमलेले नवे संचालक आले, आणि भागधारकांचे संचालक निवडण्यासारखे हक्क गोठवले गेले. केंद्राने आपले अधिकार मुंबई सरकारकडे सोपवले, त्यामुळे कायदा दिल्लीचा असला तरी कारभार मुंबईचा राहिला.

चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचा मुख्य प्रश्न असा, की देशात डबघाईला आलेल्या इतरही कंपन्या असताना सोलापूरच्या एकाच कंपनीला वेगळा कायदा का? समानतेचा अनुच्छेद १४ येथे मोडला नाही का? घटना लागू होऊन वर्षही झाले नव्हते. केंद्राच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. ४ डिसेंबर १९५० ला निकाल लागला आणि तीन विरुद्ध दोन अशा मतांनी कायदा टिकला. बहुमताने सांगितले, की कायदा घटनेला धरून आहे असे प्रथम गृहीत धरावे लागते आणि तो तसा नाही हे दाखवण्याची जबाबदारी आव्हान देणाऱ्यावर असते. एकाच व्यक्तीसाठी किंवा संस्थेसाठी केलेला कायदाही, परिस्थिती खरोखर वेगळी असेल तर, समानतेच्या विरुद्ध ठरत नाही. भारतातला कुठलाही सरकारी वकील आज कायद्याच्या बचावाला उभा राहतो, तेव्हा बहुधा या गृहीतकापासून सुरुवात करतो. त्याच्या पाठीशी सोलापूरच्या गिरणीचा हा निकाल आहे. पण पाचांतले दोन न्यायाधीश, पतंजली शास्त्री आणि सुधी रंजन दास, या मुद्द्यावर वेगळ्या मताचे होते, हेही विसरता येत नाही. एवढ्या थोड्या फरकाने मिळालेला विजय पुढच्या लढाईत पुरेल याची खात्री नसते.

ती पुढची लढाई आधीच सुरू झाली होती. मिलच्या प्रेफरन्स शेअरांचे शंभरापैकी पन्नासच रुपये भरलेले होते. सरकारने नेमलेल्या संचालकांनी उरलेले पन्नास रुपये मागितले. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने ही मागणी आणि कायदा दोन्हींना मुंबईत दाव्याने आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयात ते हरले, पण १८ डिसेंबर १९५३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील मान्य केले. कंपनीची मालमत्ता, तिचा कारभार आणि ताबा सगळेच सरकारने घेतले, भरपाई मात्र कुणाला दिली नाही. म्हणून हा कायदा त्या वेळच्या अनुच्छेद ३१(२) च्या विरुद्ध ठरला. तीन वर्षांपूर्वी टिकलेला कायदा पडला, कारण विचारणारा बदलला आणि प्रश्नही बदलला. चौधरींना आपली स्वतःची मालमत्ता गेली हे दाखवता आले नव्हते. द्वारकादासांच्या खिशातून प्रत्यक्ष पैसे मागितले जात होते. कायद्याच्या वकिलाने एक आव्हान परतवले म्हणजे कायदा कायमचा सुरक्षित झाला असे होत नाही, ते असे.

या पराभवाचे पडसाद संसदेत उमटले. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१ बदलला आणि सार्वजनिक हितासाठी मालमत्तेचे व्यवस्थापन मर्यादित काळासाठी हाती घेणाऱ्या कायद्यांना अनुच्छेद ३१-अ मध्ये संरक्षण मिळाले. त्या दुरुस्तीमागे जे मोजके निकाल होते, त्यांत सोलापूरचा एक. मालमत्तेचा मूलभूत हक्क पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने संपला. याच अनुच्छेद ३१-अ च्या आधाराने कुळकायद्याचाही बचाव झाला. कसेल त्याच्या मालकीची जमीन करणारी, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवणारी मुंबई राज्याची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वैध ठरवली. सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या कुटुंबांच्या सातबाऱ्यावर त्या दिवसामुळे नाव लागले, त्यांना तो युक्तिवाद कोणी केला हे माहीत असण्याचे कारण नाही. त्यांची जमीन मात्र त्या युक्तिवादामुळे टिकली.

कायद्याचा बचाव करताना वकिलाला काही ठराविक प्रश्नांना तोंड द्यावे लागते. पहिला अधिकाराचा: घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे हा विषय राज्याच्या यादीत आहे का? समवर्ती यादीतला विषय असेल आणि केंद्राच्या कायद्याशी विरोध येत असेल, तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती घेतली होती का? मग समानतेचा: लोकांचे जे गट पाडले त्यांत खरा फरक आहे का, आणि त्या फरकाचा कायद्याच्या उद्देशाशी संबंध आहे का? त्यानंतर स्वातंत्र्यावर घातलेले बंधन वाजवी आहे का, हा सर्वांत कठीण प्रश्न. हे सगळे करूनही एखादे कलम वाचत नाही असे दिसले, तर ते कापून उरलेला कायदा वाचवण्याची मागणी करता येते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे असेच झाले. १९५१ च्या बलसारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने वापरण्यावरचे निर्बंध काढून टाकले, दारूबंदी मात्र टिकली. महाराष्ट्राच्या गोवंश हत्याबंदी दुरुस्तीबाबत ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी वैध ठरवली. पण राज्याबाहेरून आणलेले गोमांस जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले, आणि निर्दोष असल्याचे आरोपीनेच सिद्ध करावे असे सांगणारे कलमही. कुठले कलम सोडून द्यायचे हे वेळेवर ओळखणे हा या वकिलीतला कसोटीचा भाग आहे.

पंढरपूरच्या कायद्याचा बचाव या सगळ्यांत लांबला. विठ्ठल आणि रुक्मिणी यांच्या मंदिरांत बडवे, उत्पात आणि सेवाधारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क होते, पूजेपासून उत्पन्नापर्यंत. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले ते अस्पृश्य मानलेल्यांना मंदिर खुले व्हावे म्हणून, आणि मंदिर खुले झाले. पण मंदिर कोणाच्या हाती, हा प्रश्न राहिला. वारकऱ्यांच्या तक्रारी वाढत गेल्या. सरकारने १९६८ मध्ये नाडकर्णी आयोग नेमला, १९७० मध्ये त्याचा अहवाल आला, आणि १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. वंशपरंपरागत हक्क संपवून मंदिरांचा कारभार शासनाने नेमलेल्या समितीकडे देणारा हा कायदा.

कायद्याला लगेच आव्हान मिळाले आणि अंमलबजावणी रखडली. समिती प्रत्यक्षात आली ती १९८५ मध्ये, आणि तरीही वाद संपला नाही. बडवे-उत्पातांनी न्यायालयाच्या एकेका पायरीवर लढा दिला. शेवटी १५ जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला आणि मंदिराचा पूर्ण ताबा समितीकडे आला. त्याच वर्षी समितीने पुजारी नेमताना जातीची अट ठेवली नाही आणि स्त्रियांनाही ते काम दिले. कायदा मंजूर झाल्यापासून तो पुरता अंमलात येईपर्यंत चाळीस वर्षे गेली. या काळात राज्यात अनेक पक्षांची सरकारे आली-गेली, वकील निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे आले. पण राज्याची भूमिका तीच राहिली. कायद्याचा बचाव हा त्या त्या मंत्रिमंडळाचा बचाव नसतो, तो विधिमंडळाच्या निर्णयाचा असतो, हे पंढरपूरच्या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

या बचावाचा आधार एका जुन्या भेदावर होता. घटनेचा अनुच्छेद २६ धार्मिक संप्रदायांना धर्माच्या बाबतीत स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क देतो. मालमत्तेचा कारभार मात्र कायद्यानुसार करण्याचा. अनुच्छेद २५(२) धर्माशी जोडलेल्या आर्थिक आणि लौकिक व्यवहारांचे नियमन करण्याची मुभा राज्याला देतो. १९५४ मध्ये रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात, १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याची तपासणी याच भेदाने झाली. बहुतांश कायदा टिकला, काही तरतुदी गळल्या. १९७२ मध्ये तमिळनाडूतल्या पुजाऱ्यांच्या प्रकरणात, पुजाऱ्याची नेमणूक वंशपरंपरेने करणे ही लौकिक बाब आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पंढरपूरसाठी हा निकाल मोलाचा होता. राज्याचे म्हणणे असे, की पूजेचे विधी बदललेले नाहीत, बदलला तो पेटीतल्या पैशाचा आणि पदांचा हिशेब.

२०२३ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करून हा कायदा पुन्हा प्रश्नांकित केला. गैरकारभार सुधारण्यासाठी सरकार मंदिर काही काळ हाती घेऊ शकेल, पण कायमचे ठेवू शकत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. मर्यादित काळाची ही अट अनुच्छेद ३१-अ मध्ये आहे, आणि ती तिथे आली चौथ्या घटनादुरुस्तीने, ज्या दुरुस्तीला सोलापूरच्या मिलचा खटला कारणीभूत होता. एकाच जिल्ह्यातले दोन लढे असे सत्तर वर्षांच्या अंतराने एका वाक्याभोवती भेटतात. राज्याने प्रतिज्ञापत्र दाखल करून नाडकर्णी आयोगाने नोंदवलेला जुना गैरकारभार न्यायालयापुढे ठेवला. पन्नास वर्षांपूर्वीच्या आयोगाचा अहवाल नसता, तर आजच्या वकिलाच्या हाती फार थोडे उरले असते.

असा आधार नसलेल्या कायद्यांचे काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २००५ मध्ये राज्याने डान्स बारवर बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. नाच तोच, मग गरिबाच्या बारमध्ये तो अनैतिक आणि श्रीमंताच्या हॉटेलात नाही, हे कसे? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देणे कुठल्याही वकिलाला शक्य नव्हते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ ला तो निकाल कायम केला. कायद्याच्या मसुद्यातली खोट युक्तिवादाने भरून निघत नाही. म्हणून विधेयक सभागृहात जाण्याआधी त्यावर कायदेशीर सल्ला घेणे आणि तो मनापासून ऐकणे, हा बचावाचाच पहिला भाग मानला पाहिजे.

मराठा आरक्षणाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. २०१८ चा कायदा गायकवाड आयोगाच्या अहवालावर उभा होता. त्या वेळी राज्याचे महाधिवक्ता होते मूळचे सोलापूरचे आशुतोष कुंभकोणी. २७ जून २०१९ ला उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. आरक्षण सोळा टक्क्यांवरून शिक्षणात बारा आणि नोकऱ्यांत तेरा टक्क्यांवर आणले. पण ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो रद्द केला. पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडावी अशी असाधारण परिस्थिती अहवालातून दिसत नाही, असे त्या निकालाचे म्हणणे. म्हणजे अहवाल असून भागत नाही. न्यायालयाने घालून दिलेल्या कसोटीला उतरेल अशीच माहिती त्यात लागते. २०२४ मध्ये विधिमंडळाने दहा टक्के आरक्षणाचा नवा कायदा केला आणि तोही लगेच उच्च न्यायालयात आव्हानाखाली आला.

अंतिम निकालाच्या आधी स्थगितीची लढाई असते, आणि कित्येकदा तीच निर्णायक ठरते. कायद्याला स्थगिती मिळाली की तो पुस्तकात राहतो. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मिळवली, तरी उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती बंदच राहिल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. पश्चिम महाराष्ट्राच्या गावोगावच्या जत्रांना त्या चार वर्षांचा अर्थ चांगला ठाऊक आहे.

या वकिलाची निष्ठा कोणाशी, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो पक्षकाराचा वकील आहे, पण त्याचा पक्षकार म्हणजे राज्य, आणि राज्यात याचिका करणारा नागरिकही येतो. म्हणून आपल्या विरुद्ध जाणारा निकाल न्यायालयापासून लपवणे किंवा फाईलमधला अडचणीचा कागद दडवणे त्याला शोभत नाही. बचाव करता न येणारी गोष्ट असेल तर तसे सरकारला लेखी सांगणे हेही त्याचे काम आहे. १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे आधी मुंबई आणि मग महाराष्ट्र राज्याचे महाधिवक्ता असलेले होरमसजी सीरवाई यांचा आदर्श वकील आजही सांगतात. केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपुढे ते केरळ राज्याच्या जमीन सुधारणा कायद्याच्या आणि संसदेच्या दुरुस्ती-अधिकाराच्या बाजूने लढले. निकाल १९७३ मध्ये त्यांच्या म्हणण्याविरुद्ध गेला आणि घटनेची मूलभूत चौकट अबाधित ठरली. पुढे आपल्या ग्रंथात सीरवाईंनी त्या सिद्धांताचे महत्त्व मान्य केले. न्यायालयात पूर्ण ताकदीने एक बाजू मांडणारा माणूस अभ्यासकाच्या टेबलावर आपले मत बदलू शकतो. त्या बदलाने त्यांचा मोठेपणा वाढलाच.

नेमणुकांची स्थिती मात्र या आदर्शाला साजेशी नाही. महाराष्ट्रात विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुका, सेवाशर्ती आणि मोबदला १९८४ च्या नियमांनी ठरतो. जिल्ह्यातल्या सरकारी अभियोक्त्यासाठी जिल्हादंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी तयार करतात, आणि निदान सात वर्षे वकिली झालेली असावी लागते. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये आहे. नेमणूक ठराविक मुदतीची असते, आणि सरकार बदलले की वकील बदलण्याची पद्धत देशभर रुजली आहे. उत्तर प्रदेशाने एका फटक्यात सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील काढले, तेव्हा १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश मनमानी म्हणून रद्द केला. २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध ब्रिजेश्वर सिंह चहल या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की सरकारी वकिलांची निवड गुणवत्तेवर आणि पारदर्शक पद्धतीने झाली पाहिजे. पंढरपूरसारखे प्रकरण चाळीस वर्षे चालते तिथे वकील दर तीन-पाच वर्षांनी नवा येतो, आणि त्याला आधीच्या सगळ्या फायली पहिल्यापासून वाचाव्या लागतात. ओळखीवर नेमलेला वकील त्या वाचतोच असे नाही.

सोलापूरच्या पक्षकारांसाठी आणि वकिलांसाठी २०२५ मध्ये एक मोठा बदल झाला. तोवर जिल्ह्यातली उच्च न्यायालयाची प्रकरणे सुमारे चारशे किलोमीटरवर मुंबईला चालत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आले. तिथे राज्याची बाजू मांडण्यासाठी सरकारी वकिलांचे वेगळे कार्यालय उभे राहिले. सोलापूरचा तहसीलदार किंवा भूसंपादन अधिकारी आता फाईल घेऊन सकाळी निघाला, तर सुनावणीला हजर राहून त्याच दिवशी परतू शकतो. वकिलाला मूळ कागद आणि तो लिहिणारा माणूस दोन्ही समोर मिळू शकतात. या अंतरामुळे किती प्रतिज्ञापत्रे उशिरा गेली आणि किती अर्धवट गेली, हे सोलापुरात जीपींच्या कार्यालयात काम केलेल्या कोणालाही विचारावे.